ओट्यात अडकलेली आठ चाकं

रॅम्प वीतभर उघडला आणि कंटेनरला टेकून थांबला. आत जनरल होता.

बाहेर आम्ही. म्हणजे मी, माझा पार्टनर याकूब, इंजिनिअर सई मॅडम, आणि मंडपातून उठून धावत आलेले पंधरा-वीस सूटवाले. सगळ्यांच्या पुढे कॉलिन साहेब. हा आमचा प्रोजेक्ट मॅनेजर. ब्रिटिश माणूस, आधी फौजेत होता. एरवीही तो लालच असतो, त्या दिवशी विटेसारखा दिसत होता. त्याने गुडघ्यावर बसून गाडीखाली बघितलं. दुसऱ्या आणि तिसऱ्या चाकाच्या मध्ये काहीतरी होतं. सिमेंटचं, गुळगुळीत, चांगली घोटाई केलेलं.

"व्हॉट इज दॅट?"

याकूब आभाळाकडे बघायला लागला. आभाळात काही नव्हतं.

"ओटा आहे साहेब," मी म्हणालो.

आता हे सगळं पहिल्यापासून सांगायला पाहिजे.

मी गवंडी. शाळा चौथीपर्यंत. पोलादपूरकडून अबुधाबीत आलो त्याला एकतीस वर्षं झाली. दुबई मरीनात चार टॉवर आहेत ज्यांच्या आतल्या भिंती माझ्या हातच्या आहेत. आज त्या टॉवरच्या दारात मला कोणी उभं करणार नाही, तो भाग वेगळा.

शेवटची सहा वर्षं मी ज्या कंपनीत आहे ती चिलखती गाड्या विकते. मी गाड्यांना हात लावत नाही. मी त्यांच्यासाठी भिंती बांधतो. त्या पाडतात, मी परत बांधतो. अशी नोकरी मी आयुष्यात पहिल्यांदा बघितली. काम कधी संपतच नाही.

ही गाडी म्हणजे रणगाडा नव्हे. मी सुरुवातीला रणगाडाच म्हणायचो, तर आमचा ड्रायव्हर थापा चिडायचा. थापा नेपाळचा, जुना फौजी. एकदा जेवताना त्याने मला नीट समजावलं. रणगाडा पट्ट्यावर चालतो. पट्टा डांबर उखडतो, आवाज करतो, आणि लांबचा पल्ला मारायचा तर त्याला ट्रेलरवर घालून न्यावं लागतं. ही गाडी चाकांवर चालते. आठ चाकं, एकेक माझ्या छातीएवढं. हायवेवर ट्रकसारखी पळते. टायरच्या आत कडक रिंग असते, म्हणून गोळी लागून हवा गेली तरी गाडी तशीच पुढे जाते. पोटात आठ-दहा शिपाई बसतात. गल्लीच्या तोंडाशी मागचा रॅम्प खाली पडतो. रॅम्प म्हणजे गाडीची मागची भिंतच, ती उलटी पडून उतरण होते. शिपाई त्यावरून उतरतात आणि घराघरात शिरतात.

"घराघरात कशाला?" मी विचारलं होतं.

"आजकल लड़ाई मैदान में नहीं होती, मिस्त्री," थापा म्हणाला. "जहाँ लोग रहते हैं, वहीं होती है."

मग तो जेवायला लागला. मीही.

तर अशी गाडी विकायची म्हणजे ती शहरात चालवून दाखवायला हवी. खऱ्या शहरात कोण चालवू देणार? म्हणून कंपनीने वाळवंटात खोटं शहर बांधायला घेतलं. तीन गल्ल्या, एक चौक, चोवीस घरं, एक बाजार. घरं म्हणजे कंटेनर. एकावर एक ठेवलेले, पुढून ब्लॉकची भिंत आणि प्लास्टर. पुढून बघाल तर गाव, मागून बघाल तर गोदी. खिडक्यांना तावदानं नाहीत, दारांच्या आत खोल्या नाहीत. बाजारात एका शटरवर कोणी तरी फळांची चित्रंसुद्धा काढली होती. कामाला पाच महिने लागले. मी आणि याकूब धरून चौदा माणसं. याकूब मंडणगडचा, प्लास्टर करणारा. माणूस चांगला, तोंड फाटकं.

या कामात माझा एक कागद अडकला होता. तो मुद्दा महत्त्वाचा आहे.

माझं वय चौसष्ट. आमच्या कंपनीत साठीनंतर दर वर्षी मॅनेजरची चिठ्ठी लागते, हा माणूस कामाचा आहे म्हणून. ती असेल तर व्हिसा पुढे जातो. माझा फॉर्म कॉलिन साहेबाच्या ड्रॉवरमध्ये दोन महिने पडून होता. मी विचारलं की तो म्हणायचा, "आफ्टर द डेमो." डेमो चांगला झाला तर सही. नाही तर खलास.

"तात्या, पण तुला काय पडलंय?" याकूब म्हणायचा. "तुझा मुलगा अल रीम आयलंडवर राहतो. एसीत बस की."

मुलगा राहतो, खरं आहे. राजेश अकाउंटंट आहे. फ्लॅट बाविसाव्या मजल्यावर. समुद्र दिसतो. सून चांगली आहे, नात गोड आहे. माझ्याशी इंग्रजीत बोलते, मी मराठीत उत्तर देतो, दोघांचं चालतं. पण तिथे माणसाने बसायचं कुठे? सोफ्यावर बसलो की टीव्हीकडे तोंड होतं. एकदा खाली जाऊन बिल्डिंगच्या पुढच्या कुंड्यांच्या कठड्यावर बसलो. पाच मिनिटांत सिक्युरिटीवाला आला. "सर, एनी प्रॉब्लेम?" मी म्हणालो, नो प्रॉब्लेम, बसलोय. त्याला ते पटेना. शेवटी त्याने वर फोन लावला आणि नात मला न्यायला आली. "आजोबा, यू कान्ट सिट हिअर."

आणि आमची मंडळी, म्हणजे राजेशची आई, गेली त्याला तेव्हा दहा महिने झाले होते. गावाला वारली. मी पोचलो तेव्हा सगळं उरकलं होतं. त्याच्यावर मला जास्त लिहायचं नाही. एवढंच की, दिवसभर भिंत बांधली की रात्री झोप येते. बाविसाव्या मजल्यावर मला झोप येईल असं वाटत नव्हतं. म्हणून मला ती सही पाहिजे होती.

आता ओटा.

डेमोला चार दिवस राहिले होते. काम संपलं होतं. सई मॅडमने लेझरने तिन्ही गल्ल्या मोजल्या. मधली गल्ली भिंतीपासून भिंतीपर्यंत चार मीटर वीस. गाडी तीन मीटर. थापाने रिहर्सल म्हणून गाडी एकदा आतून आरपार नेली, दोन्ही बाजूंना हातभर जागा राहिली. कॉलिन साहेबाने अंगठा दाखवला. गाडी धुवायला आणि रंगाचा हात मारायला मुसफ्फाच्या वर्कशॉपला गेली. भिंती फोडायचा ब्रेकर भाड्याचा होता, तो परत गेला. सई मॅडम दुसऱ्या साइटवर गेली. या पोरीबद्दल सांगतो. वाढली दुबईत, आईवडील मराठी, हा तिचा पहिलाच मोठा प्रोजेक्ट. मराठी बोलते, पण घाईत असली की इंग्रजीत घुसते.

मी गल्लीतून चाललो होतो. आणि मला एकदम दिसलं की दारं हवेत आहेत.

कंटेनर काँक्रीटच्या ठोकळ्यांवर ठेवलेले होते, त्यामुळे प्रत्येक दार जमिनीपासून दोन फूट वर. खाली पायरी नाही, काही नाही. अशी ओळीने अकरा दारं. दार उघडून बाई बाहेर आली तर पडेल. आत बाई नाही हे मला माहीत होतं. तरी बघवेना. तीस-चाळीस वर्षं हात एकच काम करत असले की डोळ्याला अर्धवट घर सहन होत नाही.

मी मॅडमला फोन लावला. "मॅडम, दारं उंच झालीत. खाली काही घालू का?"

"काका, आय ॲम इन अ मीटिंग. ॲक्सेस लागेल ना? काय लागेल ते करा."

परवानगी मिळाली. माल उरलेला होताच, नाही तर कचऱ्याच्या डब्यात जाणार होता. मी पहिला ओटा घातला. तीन फूट लांब, दोन फूट रुंद. याकूब दुपारची नमाज पढून आला तोवर दुसऱ्याचे ब्लॉक लागले होते.

"तात्या, हे काय?"

"ओटा."

"ड्रॉइंगमध्ये आहे?"

"दार आहे ना ड्रॉइंगमध्ये? मग ओटा आलाच."

याकूबने विचार केला. तोही कोकणातलाच. त्याच्याही डोळ्यांना ते पटलं. मालाची पाटी उचलत म्हणाला, "मग घोटाई मी करतो. तुझी घोटाई म्हशीच्या पाठीसारखी असते."

दोन दिवसांत अकरा ओटे झाले. त्या शहरात घरं खोटी, खिडक्या खोट्या, दुकानं खोटी. ओटे तेवढे पक्के. आत सळी घातली. पाणी साचू नये म्हणून पुढे उतार दिला. तिथे वर्षात चार वेळाही पाऊस पडत नाही, पण उतार नसलेला ओटा मला घालता येत नाही.

शेवटच्या ओट्याला याकूबने टेप लावली. "सव्वा फूट? तात्या, ओटा दीड फूट असतो. सव्वा फुटावर कोण बसणार?"

"घोटाई कर," मी म्हणालो.

आमची मंडळी बुटकी होती. दीड फुटावर बसली की तिचे पाय लोंबकळायचे.

डेमोच्या सकाळी मंडप लागला. गालिचे, खजूर, कहवा, एसीचे मोठे पंखे. सई मॅडम थेट मंडपातच आली, गल्लीत जायला तिला वेळ झाला नाही. कॉलिन साहेब टाय लावून. पाहुणे कुठल्या देशाचे ते मी लिहीत नाही. त्यांचा मोठा साहेब म्हणजे जनरल. बुटका, गोरापान, मिशा पांढऱ्या, आणि पोट असं की आधी पोट गाडीतून उतरलं आणि मागून जनरल उतरला.

कार्यक्रम असा होता की, गाडी मधल्या गल्लीत शिरणार, गल्लीच्या मध्यावर थांबणार, रॅम्प पडणार, शिपाई उतरून घरांत घुसणार. पाहुण्यांनी मंडपातून मोठ्या स्क्रीनवर बघायचं. पण जनरल म्हणाला, मी आत बसणार. कॉलिन साहेबाला नाही म्हणता येईना. जनरलला हेल्मेट घातलं, पट्टा बांधला. पट्टा पुरेना, तो नुसता हातात धरायला देऊन त्याला तसंच बसवलं.

थापा आत शिरला आणि पहिल्या दारालाच त्याला डावीकडे ओटा दिसला. रिहर्सलला नव्हता. त्याला वाटलं, पाहुण्यांसाठी मुद्दाम अडथळा ठेवलाय. फौजी माणूस, विचारायची सवय नाही. त्याने गाडी उजवीकडे दाबली. मग उजवीकडे ओटा आला, त्याने डावीकडे घेतली. असे चार ओटे त्याने झकास चुकवले. मंडपात टाळ्या पडल्या. कॉलिन साहेब टाळ्या वाजवत होता, पण त्याच्या कपाळाला आठ्या होत्या. एवढी वळणं त्याच्या प्लॅनमध्ये नव्हती.

पाचवा आणि सहावा ओटा समोरासमोर होते.

हिशेब कोणालाही येईल. गल्ली चार वीस. इकडे साठ, तिकडे साठ. उरले तीन मीटर. गाडी तीन मीटर. शिवाय मागून तिरकी आलेली.

थापाने डावी चाकं सरळ ओट्यावर चढवली. गाडीला ते जड नाही, ती याच्या दुप्पट उंच भिंतीवर चढते. पण समोरून चढणं वेगळं आणि एका अंगाने चढणं वेगळं. डावी बाजू वर गेली, तशी गाडी उजवीकडे कलली आणि वरचा बंदुकीचा डोलारा उजवीकडच्या कंटेनरला घासला. प्लास्टरचा पोपडा पडला. थापाने ब्रेक मारला. पुढची दोन चाकं तोवर ओट्यापलीकडे उतरली होती, मागची दोन अलीकडे होती. माझा ओटा बरोबर मध्ये. आणि तो फुटला नव्हता. एक कोपराही उडाला नव्हता. त्याही वेळी हे माझ्या ध्यानात आलं, खोटं कशाला बोलू.

गाडी तिरकी अडकली म्हणून मागचा रॅम्प कंटेनरला लागला आणि वीतभरच उघडला. शिपाई छपरावरच्या झाकणातून एकेक करून बाहेर आले. आठ जण होते. आम्ही नवव्याची वाट बघत राहिलो. आधी पांढऱ्या मिशा वर आल्या. मग खांदे. मग छाती. मग काही आलं नाही.

खालून दोघांनी ढकललं. वरून दोघांनी ओढलं. जनरलने हात वर करून सगळ्यांना थांबवलं. त्याला बहुतेक आपल्या पोटाचा अंदाज होता.

"साब, पीछे लूँ? थोड़ा रेस दूँगा, निकल जाएगी," थापा आतून ओरडला.

"नो!" कॉलिन साहेब ओरडला. पुढे घेतली काय नि मागे घेतली काय, गाडी परत ओट्यावर चढली की पुन्हा कंटेनरवर कलणार. कंटेनर दोन मजली, आतून पोकळ. तो खाली आला असता तर जनरलच्या डोक्यावर. म्हणजे गाडी हलवायची नाही. मग काय हलवायचं? तेव्हा कॉलिन साहेब गुडघ्यावर बसला आणि त्याने ते विचारलं.

"ओटा आहे साहेब," मी म्हणालो. पुढचं इथून.

"हू ॲप्रूव्ह्ड इट?"

सई मॅडम एक पाऊल पुढे आली. तिला तो फोन आठवला असणार. मी म्हणालो, "मॅडमला माहीत नाही. मीच घातला."

"नो. ही आस्क्ड मी," ती म्हणाली. "आय सेड ओके."

"तू कुठे बघितलं होतंस?" मी मराठीत म्हणालो. "गप्प बस जरा."

"काका, तुम्ही गप्प बसा."

कॉलिन साहेबाने आम्हा दोघांकडे बघितलं. मग माझ्याकडे बोट करून एकच शब्द म्हणाला. "ब्रेक."

ब्रेकर मशीन परत गेलेलं. उरले छिन्नी आणि हातोडा. जागा दोन चाकांच्या मध्ये, एकच माणूस मावेल अशी. मी शर्ट काढला, बनियनवर आडवा झालो आणि माझा ओटा मीच फोडायला घेतला. उन्हाचा तडाखा होता. गाडीचं इंजिन चालू ठेवलं होतं, आत एसी लागतो म्हणून. सगळी गरम हवा माझ्या पाठीवर.

पहिल्या दहा ठोक्यांत चवलीएवढा तुकडा निघाला.

"सळी घातलीस ना?" याकूब बाजूने म्हणाला. "घाल अजून सळी."

"पाणी मार तोंडावर. बडबडू नको."

वरून आवाज आला. "मिस्त्री! क्या कर रहे हो?"

मी चमकलो. वर बघितलं तर जनरल. झाकणातून छातीपर्यंत बाहेर, कोपरं छपरावर टेकलेली, हातात कोणी तरी कहव्याची वाटी दिलेली. त्याची हिंदी मोडकी होती, पण होती. तरुणपणी तो कुठल्याशा कोर्सला एक वर्ष हिंदुस्थानात होता म्हणे.

"तोड़ रहा हूँ, साब."

"किसने बनाया?"

"मैंने."

"बनाया भी तुम, तोड़ता भी तुम?"

"इधर यही काम है, साब."

जनरल हसला. तो हसला की झाकण हलायचं. कॉलिन साहेबाला हिंदी येत नव्हती. तो मॅडमला सारखं विचारत होता, ते काय बोलतायत, ते काय बोलतायत.

"ये क्या चीज़ है?" जनरलने विचारलं. "ऑब्स्टॅकल?"

"नहीं साब. बैठने का."

"बैठने का? यहाँ? कौन बैठेगा? इस शहर में आदमी नहीं है."

मी छिन्नी लावली, ठोका मारला, छिन्नी लावली. तो वाट बघत होता. त्याला तरी जायचं कुठे होतं.

"घरवाली बोलती थी," मी म्हणालो. "बीस साल बोलती थी, दरवाज़े पे ओटा बनाओ. शाम को बैठेगी. मैं बोलता था, अगली छुट्टी में."

"फिर?"

"हर छुट्टी में दूसरा काम निकला. छत, शादी, पानी की टंकी. अभी वो नहीं है."

"अल्लाह यरहमहा," जनरल म्हणाला, म्हणजे देव तिच्यावर दया करो. याकूबने खालून आमीन म्हटलं.

हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं. राजेशलाही नाही. गाडीच्या पोटाखाली आडवा पडून एका परक्या देशाच्या जनरलला सांगितलं, आणि तेही तो झाकणात अडकलेला असताना. पळून जाणार नाही अशा माणसाला सांगणं सोपं पडतं.

थोड्या वेळाने तो म्हणाला, "मेरी माँ का भी ऐसा था. दरवाज़े के पास." त्याने ओट्याला त्यांच्या भाषेतला शब्द सांगितला, तो माझ्या लक्षात राहिला नाही. "पूरा मोहल्ला उधर बैठता था." मग वाटी खाली ठेवून तो इंग्रजीत बोलायला लागला, मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं. सई मॅडमने मला नंतर सांगितलं. तो म्हणाला की त्यांच्या शहरात लढाई झाली तेव्हा अशाच गाड्या अशाच गल्लीत अडकल्या होत्या. नकाशावर गल्ली रुंद होती. गल्लीत मात्र ओटे होते, पाण्याचे पिंप होते, हातगाड्या होत्या, विजेच्या तारा होत्या. पुढची गाडी अडकली की मागच्या सगळ्या थांबतात, आणि थांबलेल्या गाडीवर वरच्या गच्चीतून काहीही टाकता येतं. "मी आजवर सहा कंपन्यांचे डेमो बघितले," तो म्हणाला. "सगळ्यांनी मला विमानतळासारखे रस्ते दाखवले. गल्ली आज पहिल्यांदा बघतोय."

कॉलिन साहेब टाय सैल करत होता. त्याचा हात तिथेच थांबला.

पाऊण तास लागला. सळी कापायला याकूब आडवा झाला, तेवढ्यात मी पाणी प्यालो. मलबा निघाला, थापाने गाडी हळूच सरळ केली, रॅम्प पडला, आणि जनरल पायांनी चालत बाहेर आला. सगळे मंडपाकडे हात करत होते. तो गेला नाही. समोरच्या ओट्यापाशी आला, वाकून हाताने घोटाई बघितली, आणि बसला.

त्याचे पाय जमिनीला टेकले. बरोबर सव्वा फूट.

"चाय," तो म्हणाला. कहवा नको, चाय.

मग त्या खोट्या शहराच्या गल्लीत तो ओट्यावर बसून चहा प्यायला आणि पंधरा-वीस सूटवाले उन्हात उभे राहून बघत राहिले. त्याने शेजारची जागा थोपटून मला बसायला सांगितलं. मी बनियनवर, अंगभर सिमेंट. तीन फुटांच्या ओट्यावर त्याच्या शेजारी जागा म्हणजे फार नव्हती. अर्धा टेकलो.

जाताना तो कॉलिन साहेबाला म्हणाला की गाडीबद्दल तो आज काही बोलणार नाही. आठ आठवड्यांनी परत येईल. याच गल्लीत. एकही ओटा हलवायचा नाही, फोडलेला परत घालायचा. गाडी आरपार गेली तर पुढचं बोलू, इन्शाल्ला.

मंडप रिकामा झाल्यावर कॉलिन साहेब माझ्याकडे आला. मला वाटलं, झालं. त्याने पाकीट काढावं तसा खिशातून घडी घातलेला कागद काढला. माझा फॉर्म. सकाळपासून खिशात होता, सही करायला की फाडायला ते त्यालाच माहीत. त्याने तो गाडीच्या चाकावर ठेवून सही केली. टायर काळा, फॉर्मच्या मागे डाग पडला तो आजही ऑफिसच्या फायलीत आहे.

"बट नो मोअर सरप्रायझेस," तो म्हणाला.

"येस सर."

"अँड, मिस्त्री. व्हॉट एल्स इज इन अ रिअल स्ट्रीट?"

सईने मराठीत विचारलं, खऱ्या गल्लीत अजून काय काय असतं. मी आणि याकूब अर्धा तास सांगत होतो. गटार, मोटरसायकल, धुणं, पिंप, कोंबड्यांचं खुराडं. याकूबने एका घरापुढे म्हैस सुचवली. मॅडमने तीही लिहून घेतली, मग खोडली.

पुढच्या दोन महिन्यांत गाडीची मागची चाकंही वळतील असं काहीतरी केलं गेलं आणि चारी बाजूंना कॅमेरे लागले. जनरल आला, ठरल्याप्रमाणे आत बसला, गाडी अकरा ओट्यांमधून साप जावा तशी गेली. ऑर्डर मिळाली की नाही ते गवंड्याला कोणी सांगत नाही. पण त्या खोट्या शहरात आणखी एक गल्ली वाढवायला सांगितली, त्यावरून अंदाज करा.

नव्या गल्लीच्या ड्रॉइंगमध्ये ओटा आला. मॅडमने कॉम्प्युटरवर काढला आणि विचारलं, "काका, हाइट किती? स्टँडर्ड फोर फिफ्टी टाकू?"

"तीनशे ऐंशी टाक," मी म्हणालो. मिलिमीटरमध्ये सव्वा फूट तेवढंच होतं.

"व्हाय?"

"जनरलचे पाय टेकले पाहिजेत."

तिने माझ्याकडे बघितलं. तिने त्या दिवशी सगळं ऐकलं होतं. तीनशे ऐंशी टाकलं.

तर या धंद्यात मी एवढंच शिकलो की गल्ली भिंतीपासून भिंतीपर्यंत मोजू नये, ओट्यापासून ओट्यापर्यंत मोजावी. गाडी भिंतीला अडकत नाही. माणसं जिथे बसतात तिथे अडकते.

गेल्या महिन्यात मी पंधरा दिवसांच्या रजेचा अर्ज दिला. फॉर्म इंग्रजीत, तो सईच भरते. कारण काय लिहू म्हणाली. मी म्हणालो, गावाला दारात ओटा घालायचाय. त्याचं इंग्रजी ती थोडा वेळ शोधत होती, मग दोनच शब्द लिहिले.

"काय लिहिलंस?"

"पेंडिंग वर्क, काका."

बरोबर आहे. राजेश म्हणतो, आता तिथे बसणार कोण. मी म्हटलं, मी बसीन. सव्वा फुटावर पाय जरा दुमडावे लागतील.